आयोवा सिटी: विद्यापीठाच्या गावात संसार मांडायचा आहे

रानजाई
नमस्कार मंडळी. नवऱ्याला आयोवा सिटीच्या विद्यापीठात, मेडिकलच्या बाजूला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) मिळालंय. जुलैअखेर निघायचं आहे. मी पुण्यात बँकेत नोकरी करते, मुलगी दुसरीत जाईल. आमच्या नातेवाइकांत अमेरिका म्हणजे न्यू जर्सी, नाहीतर बे एरिया. आयोवा म्हटल्यावर मावशीने "तिथे मका पिकतो ना गं?" एवढंच विचारलं. लोकसंख्या बघितली तर पाऊण लाखाच्या आत-बाहेर. थंडी, शाळा, भाजी, माणसं यांबद्दल तिथे राहिलेल्यांनी लिहा. आणि मुख्य म्हणजे मी दिवसभर करायचं काय? गोडगोड नको, असेल ते लिहा.

खडीसाखर
अभिनंदन! सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. आयोवा विद्यापीठ आयोवा सिटीत, आणि आयोवा स्टेट एम्सला. दोन्ही सरकारी, दोन्ही मोठी, आणि दोघांचं अमेरिकन फुटबॉलमध्ये हाडवैर. मध्ये दोनेक तासांचा रस्ता आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने एम्सला घरं बघायला सुरुवात केली होती!
विमानतळ सीडर रॅपिड्सचा, तिथून अर्ध्या तासाच्या आत पोचता. रेल्वे विसरा. प्रवासी गाडी आयोवा सिटीला येतच नाही, सगळ्यात जवळचं स्टेशन दक्षिणेला माउंट प्लेझंटला. शिकागो इंटरस्टेट ८० वरून साधारण २२० मैल.

जुनाजाणता
मी इथे बरीच वर्षं आहे, हॉस्पिटलात लॅबमध्ये. थोडं सविस्तर लिहितो.
या गावाचं वर्ष जानेवारीत नाही, ऑगस्टात सुरू होतं. कॅम्पसजवळच्या बहुतेक घरांचे करार जुलैच्या शेवटी संपतात आणि नवे ऑगस्टच्या सुरुवातीला चालू होतात. मधले काही दिवस अर्धं गाव सामानासकट अधांतरी. कोणी मित्राच्या हॉलमध्ये झोपतंय, कोणी भाड्याच्या ट्रकमध्ये गादी टाकून. रस्त्याच्या कडेला सोफे, टेबलं, दिवे, मायक्रोवेव्ह यांचे ढीग लागतात. नवीन येणाऱ्याने घर त्यातून लावायला काहीच हरकत नाही, आम्हीही लावलं. फक्त कापडी सोफा आणि गादी उचलू नका. ढेकूण घरात आले की महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाहीत.
मग शनिवारच्या मॅचेस, मग थँक्सगिव्हिंगची सामसूम, डिसेंबरात परीक्षा, आणि मेच्या मध्यावर एका आठवड्यात गाव रिकामं. तीस हजारांवर विद्यार्थी आहेत, त्यातले बहुतेक निघून जातात. तेव्हा डाउनटाउनला गाडी लावायला जागा मिळते, हॉटेलात थांबावं लागत नाही. आम्हा राहणाऱ्यांना उन्हाळाच आवडतो, पण ते विद्यार्थ्यांसमोर बोलायचं नाही.
आता खरं विचारलंत म्हणून. इथे थंडीपेक्षा मे महिना जड जातो. पोस्टडॉक दोन-चार वर्षांचं, पीएचडी पाच-सहा, रेसिडेंट डॉक्टर तीन ते सात. म्हणजे तुमच्या ओळखीचा प्रत्येक माणूस कधी जाणार हे जवळपास ठरलेलं असतं. दर मे-जूनला कोणाचा तरी निरोपसमारंभ. आपण डबे भरून नेतो, फोटो काढतो, त्यांची कुंडी आपल्याकडे येते. आमच्या बाल्कनीत सगळ्या झाडांना गेलेल्या माणसांची नावं आहेत. नवीन आलेल्यांशी मैत्री करायची आणि पुन्हा तेच. काही वर्षांनी काही जण नवीन ओळखीच करायचं सोडतात. मी सोडलं नाही, पण का सोडतात ते कळतं.
म्हणून एक सल्ला. पहिल्या वर्षी फक्त विद्यापीठातल्या मराठी पोरांत राहू नका. इथे टिकून असलेली माणसं वेगळी असतात: हॉस्पिटलातले कायमचे लोक, सीडर रॅपिड्सला एव्हिऑनिक्सच्या (विमानांतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या) कंपनीत वर्षानुवर्षं असलेले आपले इंजिनियर, आणि इथलेच जन्मलेले आयोवावाले. मंदिर सीडर रॅपिड्सला आहे, गणपती-दिवाळीला तिकडेच गर्दी.

फिरस्ती
जुनाजाणता यांचं लिखाण छान, पण ते गेली कित्येक वर्षं नोकरीवर जाताहेत. घरी बसलेल्या बाईचं कोण लिहिणार? मी लिहिते. नवरा पीएचडीला, मी एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. काम करायला बंदी, डिग्रीचा पूर्णवेळ अभ्यास करायलाही बंदी. गाडी येत नव्हती. नोव्हेंबरात पावणेपाचला अंधार. खिडकीतून समोरच्या पार्किंगमधला बर्फ उपसणारा ट्रॅक्टर बघणे, हाच कार्यक्रम. माणसं चांगली आहेत हो, "हाय, हाऊ आर यू" सगळे म्हणतात, दार धरून उभे राहतात. पण घरी कोणी बोलावत नाही. बोलावलं तर तीन आठवडे आधी ठरवून, आणि किती वाजता संपणार तेही आमंत्रणात. सध्या न्यू जर्सीत एडिसनला आहे. इथे खाली उतरलं की वडापाव. मला कोणी फुकट घर दिलं तरी परत जायची नाही.

कागदपत्रे
फिरस्ती यांचा अनुभव एफ-२ चा आहे आणि रानजाईताईंसाठी तो कदाचित लागू नाही, म्हणून लिहितो. पोस्टडॉकला बहुतेक वेळा जे-१, म्हणजे देवाणघेवाणीवर येणाऱ्यांचा व्हिसा देतात. त्यात जोडीदार जे-२. जे-२ वाला तिथे पोचल्यावर वर्क परमिटसाठी अर्ज करू शकतो आणि तो मिळाला की कुठलीही नोकरी करता येते. अट एवढीच की त्या कमाईवर जे-१ वाल्याचा उदरनिर्वाह अवलंबून नसावा. उलट विद्यापीठाने एच-१बी हा नोकरीचा व्हिसा दिला, तर तुम्ही एच-४. मग नवऱ्याची ग्रीनकार्डाची एक पायरी, आय-१४० मंजूर होईपर्यंत काम नाही. विद्यापीठांना एच-१बी ची वार्षिक मर्यादा लागू नसते, त्यामुळे हा पर्यायही समोर येऊ शकतो. आत्ताच विचारून घ्या, सही करायच्या आधी. आणि जे-१ मध्ये दोन वर्षं मायदेशी परतायची अट कधीकधी असते, ती व्हिसाच्या शिक्क्यावरच लिहिलेली असते. ती लागली तर जोडीदारालाही लागते.

रानजाई
बाप रे, हे कोणीच सांगितलं नव्हतं! जे-१ च आहे असं आत्ता नवऱ्याला विचारून कळलं. दोन वर्षांच्या अटीचं बघतो. फिरस्ती, तुमचं वाचून पोटात गोळा आला, पण असंच हवं होतं. लिहिल्याबद्दल आभार.

शेवग्याची_शेंग
भाजीचं मी सांगते. शेजारच्या कोरलविलला देशी दुकानं आहेत, तूरडाळ-पोहे-गूळ सगळं मिळतं. शेवगा, तोंडली, गवार यांचं ताजेपण मात्र नशिबावर. मोठी खरेदी लोक शिकागोला डेव्हॉन अव्हेन्यूवर करतात, एक दिवस घालवून. मे ते ऑक्टोबर डाउनटाउनच्या पार्किंग रॅम्पमध्ये शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथे मेथी आणि कोथिंबीर विकणारी आशियाई मंडळी असतात, लवकर गेलात तर.
आणि मका. मावशींना सांगा, सगळीकडे मकाच आहे, पण तो खायचा नाही! गावाबाहेर मैलोन्‌मैल दिसतो तो डुकरांच्या खाद्याचा आणि इथेनॉलचा मका. पहिल्या वर्षी नवीन पोरं शेतात उतरून कणसं तोडायचा बेत करतात. दगडासारखा असतो. खायचं स्वीटकॉर्न वेगळं. जुलैच्या मध्यापासून रस्त्याकडेला पिकअप गाडीच्या मागे ढीग लावून शेतकरी विकतात. सकाळी तोडलेलं दुपारी घ्यायचं. त्याची उसळ, भजी, आप्पे, काहीही करा. महिनाभर आम्ही दुसरं काही खात नाही.
गावाबाहेर वारा फिरला की डुकरांच्या गोठ्यांचा वास येतो, आणि सीडर रॅपिड्सला ओट्सच्या कारखान्याजवळ गोड सीरियलचा. दोन्हींची सवय होते, पहिल्याची उशिरा.

थंडोबा
थंडीबद्दल लोक उगाच घाबरवतात आणि उगाच धीरही देतात. जानेवारीत उणे पंधरा-वीस सेल्सियस सहज होतं, वाऱ्यामुळे त्याहून खाली वाटतं. २०१९ च्या जानेवारीअखेरीस ध्रुवीय वारे खाली उतरले तेव्हा विद्यापीठानेही वर्ग बंद ठेवले होते. पण एरवी शाळा चालू, मुलं मधल्या सुट्टीत बर्फात. स्नोपँट, बूट, दोन जोड हातमोजे (एक जोड हमखास हरवतो) लागतातच. पुण्यातून स्वेटर आणून काही होणार नाही, कोट इथेच घ्या.
पाण्याचं आणि वाऱ्याचं मात्र मनावर घ्या. जून २००८ च्या पुरात आयोवा नदी कॅम्पसमध्ये घुसली. हॅन्चर हे मोठं नाट्यगृह, कलाशाखेच्या इमारती, सगळं पाण्याखाली. संग्रहालयातलं चित्रकार जॅक्सन पोलॉकचं भलंमोठं 'म्युरल' त्याआधी घाईने हलवलं म्हणून वाचलं. नवं हॅन्चर उभं राहायला २०१६ उजाडलं, आणि ते चित्र गावात परत यायला २०२२. तेव्हा नदीकाठचं स्वस्त तळमजल्याचं घर दिसलं तर पूररेषा तपासा. टोर्नेडोचा भोंगा महिन्यातून एकदा चाचणीला वाजतो, आकाश निळं असलं तर दुर्लक्ष करा. नसलं तर तळघर. १० ऑगस्ट २०२० च्या वादळाने सीडर रॅपिड्सची निम्म्याहून जास्त झाडं पाडली. तिकडे कित्येक घरांत आठवडाभर वीज नव्हती. आमचे मित्र फ्रीजरमधलं सगळं घेऊन आमच्याकडे राहायला आले होते.

तालीमवाला
मी कोल्हापूरचा. इथे कोणी कुस्तीचं नाव काढलं नाही, हे बघून वाईट वाटलं.
आयोवा सिटीत कुस्तीला जेवढा मान आहे तेवढा मी अमेरिकेत दुसरीकडे बघितला नाही. कार्व्हर-हॉकआय अरिनात पंधरा हजार माणूस कॉलेजच्या पोरांच्या कुस्त्या बघायला येतो, तेही बाहेर हाडं गोठवणारी थंडी असताना. आजोबा नातवाला घेऊन येतात, डाव कुठला लागला ते समजावतात. बाजूचे म्हातारे माझ्याशी बोलायला लागले ते तिथेच. ऑफिसात वर्षभर जी ओळख झाली नाही ती एका दुपारी झाली. मी त्यांना खाशाबा जाधवांबद्दल सांगितलं, १९५२ हेलसिंकी, ब्राँझ. पुढच्या वेळी त्यातला एक जण वाचून आला होता!
डॅन गेबल हे इथलं दैवत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला एकही गुण न देता सुवर्ण, मग १९७६ पासून १९९७ पर्यंत इथे प्रशिक्षक आणि १५ राष्ट्रीय विजेतेपदं. गंमत म्हणजे पैलवान म्हणून ते आयोवा स्टेटचे, म्हणजे खडीसाखर म्हणतात त्या एम्सचे. ते इथे कोणी फारसं काढत नाही.
मातीचा वास नाही, मॅट आहे, नियमही वेगळे. पण बघाच.

खडीसाखर
तालीमवाला, _/\_
अवांतर: मग फुटबॉलचंही लिहायला हवं. किनिक स्टेडियममध्ये ६९ हजारांच्या वर माणसं बसतात, म्हणजे गावाच्या लोकसंख्येच्या जवळपास. घरच्या मैदानावर मोसमात सहा-सात मॅचेस, त्या दिवशी मेलरोज अव्हेन्यूवरचे लोक आपल्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावू देतात. पहाटेपासून शेगड्या पेटतात, बिअर वाहते. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण स्टेडियमला लागूनच मुलांचं हॉस्पिटल आहे, २०१७ ला उघडलेलं. मॅचचा पहिला क्वार्टर (पाव भाग) संपला की सगळं स्टेडियम, विरुद्ध संघासकट, मागे वळून वरच्या मजल्यावरच्या आजारी मुलांना हात हलवतं. मी तेवढ्यासाठी एकदा तिकीट काढलं. वर काचेला टेकलेली मुलंही हात हलवत असतात.

जुनाजाणता
मी त्या मजल्यावर कामानिमित्त जातो. मुलं शुक्रवारपासून शनिवारची वाट बघतात. एवढंच लिहितो.

कागदनाव
रानजाई, तुम्ही वाचणाऱ्या असाल तर या गावाची दुसरी बाजू बघा. इथली लेखन-कार्यशाळा १९३६ पासून आहे. १९६७ ला पॉल एंगल आणि ह्वालिंग न्ये यांनी आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम सुरू केला. दर शरद ऋतूत जगभरातून लेखक इथे येऊन राहतात. आपले दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात या कार्यक्रमात होते. युनेस्कोने २००८ मध्ये आयोवा सिटीला साहित्यनगरी ठरवलं, एडिंबरा आणि मेलबर्ननंतर तिसरी.
व्यवहारात याचा अर्थ काय, तर प्रेअरी लाइट्स नावाच्या पुस्तकाच्या दुकानात वर्षभर संध्याकाळी वाचनं असतात. फुकट. जोरदार बर्फ पडत असला तरी दहा-पंधरा डोकी खुर्च्यांवर. शेजारी बसलेला माणूस विद्यार्थी, निवृत्त नर्स किंवा सकाळी तुम्हाला बसमध्ये भेटलेला चालक असू शकतो. (कॅम्बस ही विद्यापीठाची मोफत बससेवा, ती विद्यार्थीच चालवतात.) शिवाय सार्वजनिक वाचनालय डाउनटाउनच्या मधोमध. मुलांच्या गोष्टी, इंग्रजी संभाषणाचे गट, सगळं. फिरस्तींच्या दुःखाला पुस्तक हे उत्तर नाही, ठाऊक आहे. पण घराबाहेर पडून पैसे न खर्च करता दोन तास ऊबेत बसता येईल अशी जागा जानेवारीत फार मोलाची.

फिरस्ती
वाचनालयात मी रोज जायचे. तिथल्या बाईंनीच मला लर्नर्स परमिटचं पुस्तक दिलं आणि गाडी शिकायला लावलं. हे मघाशी लिहायचं राहिलं. गाडी आल्यावर शेवटचं वर्ष बरंच सुसह्य झालं, हे मान्य. बाकी मत तेच आहे.

शेवग्याची_शेंग
फिरस्ती, नुसतं सुसह्य?! तू केलेल्या पुरणपोळ्यांवर आम्ही आख्खा हिवाळा काढलाय. एडिसनवाल्यांना काय कळणार. 😀
रानजाई, परवाना मात्र लवकर काढ. लेखी परीक्षा आणि गाडी चालवून दाखवणं दोन्ही असतं. रांगेत तुझ्यापुढे चौदा वर्षांची पोरं असतील, इथे त्या वयात शिकाऊ परवाना मिळतो.

वाटसरू
इंडियानात पर्ड्यू विद्यापीठाजवळ वेस्ट लाफिएटला राहतो, आयोवा सिटीला अनेकदा गेलोय. फरक सांगतो. आमच्याकडे इंजिनियरिंग, म्हणून भारतीय विद्यार्थी प्रचंड आणि मराठी बोलणं रोज कानावर पडतं. आयोवा सिटीत हॉस्पिटल आणि साहित्य, त्यामुळे आपली गर्दी कमी, पण कुटुंबं आणि वयाने मोठे लोक जास्त. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेनला तर शिकागोची रेल्वे थेट आहे. नुसतं 'मिडवेस्टातलं कॉलेजचं गाव' म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजू नये.

काडीपेटी
राजकारणाचं कोणी बोलत नाही? आयोवा सिटीची जॉन्सन काउंटी म्हणजे लाल (रिपब्लिकन) राज्यातलं निळं (डेमोक्रॅट) बेट. दहा मैल बाहेर गेलं की पाट्या बदलतात. २००८ ला कॉकसच्या (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या सभांच्या) वेळी इथे ओबामा इतक्या जवळून बघितला की... (काडी टाकून पळतो)

जुनाजाणता
काडीपेटी, पळू नका, खरं आहे ते. पण रोजच्या जगण्यात सांगतो: आमचा प्लंबर, आमच्या शेजारीण प्राध्यापिका आणि कलोनाचे चीज विकणारे आमिश (जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ), तिघांची मतं तीन दिशांना. तिघेही आमचा ड्राइव्हवे बर्फाने बुजला तर न विचारता साफ करून जातात. (आमिश नाही, ते वीस मैलांवर आहेत आणि घोडागाडीने येतात. पण आले तर करतील.)
मुलीसाठी एक जागा: कोरलविल धरणाखालची डेव्होनियन फॉसिल गॉर्ज. १९९३ च्या पुरात पाण्याने माती वाहून नेली आणि खालचा सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ उघडा पडला. मुलं जीवाश्मांवर बोट ठेवत चालतात. उचलून आणायला बंदी आहे, खिसे तपासावे लागतात.

रानजाई
तुम्ही सगळ्यांनी किती लिहिलंत! वाचनखूण साठवली, नवऱ्यालाही वाचायला दिली. कागदपत्रे यांच्यामुळे विद्यापीठाला मेल केली, जे-१ पक्का, आणि दोन वर्षांच्या अटीबद्दल व्हिसाच्या मुलाखतीत कळेल असं उत्तर आलं. मी जे-२ वर परमिटचा अर्ज करीन. मुलीला फक्त जीवाश्मांचं कळलंय आणि ती आत्तापासून डब्या गोळा करते आहे.
आता एकच अडचण. हॉस्पिटलच्या बाजूला, नदीच्या पश्चिमेला एक घर ठरतंय. करार १ ऑगस्टपासून, आणि आमचं विमान २८ जुलैला उतरतं. मधले दिवस हॉटेल बघतोय तर सगळीकडे भरलेलं.

थंडोबा
हॉटेल मिळणार नाही. त्या आठवड्यात सगळेच अधांतरी, जुनाजाणतांनी लिहिलंय तसं. कोरलविलला नाही मिळालं तर नॉर्थ लिबर्टी बघा.

शेवग्याची_शेंग
हॉटेल कशाला? आमचं तळघर रिकामं आहे, दोन गाद्या आहेत आणि न्हाणीघर खालीच. सामान गराजमध्ये टाका. येताना फक्त काळा मसाला आणि एक चांगली किसणी आण, इथल्या किसण्यांवर नारळ चालत नाही. विमान किती वाजता उतरतं ते व्यनि (खासगी निरोप) कर, घ्यायला येते.